एकही पायरी नसलेली जागा

जावा बेटावरचं योग्याकार्ता शहर दाखवणारे पैशाला पासरी मिळतात. सकाळी आठला म्हाताऱ्यांना गाडीत कोंबायचं, सुलतानाचा राजवाडा, जलमहाल, बाजार, दोन-तीन देवळं अशी वरात हिंडवायची आणि संध्याकाळी अर्धमेली माणसं परत आणून टाकायची, की झालं दर्शन. वुर्यानीला या लोकांचा मनापासून संताप यायचा. "थकलेल्या माणसाला राजवाडा काय नि गोठा काय," ती म्हणायची, "दोन्हीकडे तो बसायला जागाच शोधतो."

तिच्याकडे येणारी माणसं सत्तरीच्या पुढची, आणि त्यांचा बेत ती वेगळा आखायची. दिवसात दोन जागा, फार झालं तर तीन. दर दीड तासाला संडास, तोही खुर्चीसारखा बसायचा. जेवायच्या ठिकाणी हाताच्या खुर्च्या हव्यात, कारण हात नसलेल्या खुर्चीतून म्हातारं माणूस दुसऱ्याचा खांदा धरून उठतं आणि त्याला ते आवडत नाही. दुपारच्या नमाजाला अशी मशीद, जिथे स्टुलावर बसून वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं, करता येईल. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, आपण स्वतः जाऊन न पाहिलेल्या जागी कोणालाही न्यायचं नाही. आदल्या दिवशी, त्याच वेळेला, ती चाकाच्या खुर्चीत बसायची आणि ड्रायव्हर गितो तिला अख्ख्या वाटेवरून ढकलत न्यायचा. सावली कुठे पडते, फरशी कुठे निसरडी आहे, उंबरा किती बोटं उंच आहे, सगळं ती वहीत टिपायची.

"लोक विचारतात, बायकोला काय झालं हो?" गितो कुरकुरायचा. "मी सांगतो, बायको घरी ठणठणीत आहे. ही मालकीण. हिला नुसती हौस."

"ढकल गुमान. उंबरा आला."

"उंबरा नंतर येईल, बु. आधी माझी कंबर गेली." बु म्हणजे बाई, मानाने.

हे ज्ञान तिने इस्पितळात कमावलं होतं. व्यायाम करून घेण्याच्या विभागात अठरा वर्षं ती मदतनीस होती. नोकरी सुटल्यावर तिने चार पानांची एक प्रश्नावली तयार केली. पाहुण्याच्या घरी जाऊन, समोर बसून, ती स्वतः भरून आणायची. कोणता गुडघा दुखतो, कोणत्या कानाने कमी ऐकू येतं, गोळ्या कधी, काय चावत नाही, कशाची भीती वाटते. गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं मापसुद्धा ती घ्यायची, म्हणजे खुर्च्या आधीच निवडून ठेवता येत. या प्रश्नावलीचा तिला भारी अभिमान होता. खरं सांगायचं तर थोडा जास्तच होता, आणि तो कोणी कुरवाळला की बाईसाहेब विरघळायच्या.

प्रासोजोने नेमका तोच कुरवाळला. पुर्वोरेजोच्या जिल्हा कचेरीतला हा अधिकारी, पन्नाशीचा, अगदी मृदू बोलणारा. फळांची करंडी घेऊन घरी आला. आई एकोणऐंशीची, म्हणाला. लग्नाआधी योग्याकार्तातच बाटिकच्या कारखान्यात कापडावर मेणाची नक्षी काढायची. एकदा तिला ते सगळं निवांत दाखवायचं आहे. एकटीलाच, गर्दी नको.

"तुमची प्रश्नावली मी दोनदा वाचली, बु," तो म्हणाला. "आम्ही सख्खी मुलं, पण आम्हालाही आईबद्दल इतकं विचारायचं सुचलं नसतं."

वुर्यानी लाजली. मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. आणखी चार-पाच प्रश्न घालता येतील का, म्हणाला. रात्री किती वेळा उठते. कोणत्या कुशीवर झोपते. अंधारात घाबरते का. कोणाला हाक मारते.

आता सहल दिवसाची, सकाळी सातला निघून संध्याकाळी परत. त्यात झोपायची कूस कशाला हवी, हे शेंबड्या पोरालाही खटकलं असतं. वुर्यानीलाही खटकलं. पण जावामध्ये घरी आलेल्या सभ्य माणसाला 'का हो?' असं तोंडावर विचारत नाहीत. त्यातून तो स्वतःच्या आईबद्दल बोलतोय. असं विचारणं म्हणजे त्याच्या काळजीवर संशय घेणं. तिने हसून मान डोलावली आणि कागद वहीत ठेवला. या आमच्या भिडस्तपणाने आजवर किती घरं बुडवली आहेत देव जाणे, पण आम्ही काही सुधारत नाही.

शेवटचा थांबाही त्यानेच ठरवला. उत्तरेला, कालिउरांगच्या वाटेवर एक बागेचं ठिकाण आहे. चार वाजता तिथे आईला चहाला न्या. मी तिथेच येतो, तिला चकित करायचंय. "एकही पायरी नाही, बु. सगळीकडे उतार, भिंतीला धरायला दांडे. मी स्वतः पाहिलंय. तुम्ही आधी जाऊ नका, नाहीतर गुपित फुटेल."

नियम मोडायचा म्हणून ती जरा अडखळली. तिने तिथे फोन तरी केला. पलीकडून एक बाई अदबीने म्हणाली, "तुमची प्रश्नावली आली की त्याप्रमाणे सगळं तयार ठेवू." वुर्यानी हरखली. या धंद्यातल्या अकरा वर्षांत कुठल्याही हॉटेलवाल्याने तिची प्रश्नावली मागितली नव्हती.

पुर्वोरेजोच्या घरात एयांग कुस्तिना ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसली होती. एयांग म्हणजे आजी, पण जरा मानाची. बारीक अंगाची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि जीभ अशी की सून आतल्या खोलीतून बाहेरच येत नव्हती. वुर्यानीने टेप काढून तिच्या गुडघ्याला लावली.

"शिंपीण आहेस का गं तू?"

"नाही, एयांग. खुर्चीसाठी माप घेते."

"बरं. मला वाटलं कफनासाठी. माझ्या सुनेने धाडलं असेल तुला." म्हातारी स्वतःच खुदखुदली. "लिही. बेचाळीस सेंटीमीटर असेल. तरुणपणी जास्त होतं, आता झिजले."

टेपवर बेचाळीसच निघाले. पुढचे प्रश्न भराभर सुटले. डावा गुडघा, उजवा कान, फणस चालतो, मिरची चालत नाही. मग वुर्यानीने त्या नव्या कागदावरचं विचारलं, "रात्री जाग आली तर कोणाला हाक मारता?"

म्हातारीने अंगणातल्या आंब्याकडे पाहिलं. "नवऱ्याला," ती म्हणाली. "तो जाऊन चौदा वर्षं झाली. तरी रोज रात्री दोन-तीनला जाग येते आणि मी त्याला विचारते, दार लावलंस का? मग आठवतं. घरात कोणाला माहीत नाही. हे तुझ्या कागदावर लिहू नकोस हं, न्दुक. लोक हसतील."

न्दुक म्हणजे पोरी. आई लेकीला म्हणते तसं.

"नाही लिहिणार," वुर्यानी म्हणाली.

आणि घरी येऊन तिने लिहिलं. वाईट हेतूने नव्हे. रकाना कोरा दिसत होता, आणि कोरा रकाना ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. कोण वाचणार आहे, तिला वाटलं. वाचणारा मुलगाच, त्याला आईचं कळलं तर बरंच होईल. चारही पानं तिने प्रासोजोला पाठवून दिली.

सहलीच्या दिवशी सकाळी सातला गाडी दारात उभी राहिली. गितोने मधलं आसन बाहेर फिरवून ठेवलं होतं, म्हणजे म्हातारीने आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे. एयांग ओसरीवरच्या खुर्चीत नटूनथटून, मांडीवर पिशवी घेऊन तयार होती. तेवढ्यात प्रासोजो आतून आला, आईपुढे गुडघ्यांवर बसला, तिचे दोन्ही हात धरले आणि कपाळ तिच्या गुडघ्यांवर टेकवलं. बराच वेळ टेकवलं.

असं गुडघ्यांवर डोकं ठेवून क्षमा मागायची ती ईदेला. नाहीतर लग्नाच्या आदल्या दिवशी, नाहीतर माणूस समुद्रापार निघालं की. चहा पिऊन परत येणाऱ्या आईपुढे कोणी असं बसत नाही.

"काय रे हे," एयांग कुस्तिना म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला होता. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "ईद अजून लांब आहे, वेड्या. काय चुकलंय तुझं?"

"असंच, बु," तो म्हणाला. आईलाही बु म्हणायची पद्धत. त्याचे डोळे ओले होते.

वुर्यानीचे तर वाहायलाच लागले. असा मुलगा सात जन्मांत मिळत नाही, असं ती गितोला हळूच म्हणाली. गितोने नुसतं दार लावलं.

तो दिवस इतका सुरेख गेला की पुढे तीच गोष्ट वुर्यानीला सगळ्यांत जास्त बोचली. बाटिकच्या गल्लीत उतारावरून चाकाची खुर्ची लोण्यासारखी गेली. एका कारखान्यात मालकिणीने एयांगच्या हातात मेणाची झारी दिली. हात थरथरत होता, पण झारी कापडाला टेकली आणि थरथर थांबली. तिने एक पान काढलं, त्याला देठ काढला आणि शेजारच्या तरुण बायकांना म्हणाली, "तुमच्या रेषा जाड्या आहेत गं. नवऱ्याच्या रागात काढता वाटतं?" सगळ्या फिदीफिदी हसल्या.

मग टांग्यातून एक फेरी. टांग्यात चढायला गितोने दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा आणला होता. जेवायला फणसाची गोड भाजी, बिनमिरचीची. खुर्ची बेचाळीसची. मशिदीत वुजूला स्टूल, नमाजाला खुर्ची. दुपारी मिठाईच्या दुकानासमोर गाडी थांबवून तिने मुगाच्या सारणाच्या वड्यांचे सात खोके घेतले. गावाहून रिकाम्या हाताने परतायचं नसतं, आणि तिच्या आळीत सात घरं होती. प्रत्येक खोक्यावर तिने वुर्यानीकडून नाव लिहून घेतलं.

"न्दुक," गाडीत बसता बसता ती म्हणाली, "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पायांनी चालले. सासूच्या, नवऱ्याच्या, पोराच्या. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पायांनी चाललं."

प्रासोजोचे दिवसभरात तीन फोन आले. कुठे आहात, आई बरी आहे ना, घाई करू नका. चारच्या आधी पोचू नका. वुर्यानीला कौतुक वाटलं. बाकीची मुलं 'लवकर आणा' म्हणून डोकं खातात.

चार वाजता गाडी त्या बागेत शिरली. खरोखर एकही पायरी नव्हती. फाटकापासून दारापर्यंत रुंद उतार, दोन्ही बाजूंना गुळगुळीत दांडे, झाडाखाली हाताच्या खुर्च्या. वुर्यानीचा ऊर भरून आला. अशी जागा शहरात असेल हे तिला ठाऊकच नव्हतं. खुर्च्यांवर आठ-दहा म्हातारी माणसं बसली होती. कोणी बोलत नव्हतं.

"चहाला इतके लोक?" एयांग म्हणाली. "आणि एकाच्याही हातात कप नाही."

आतून निळ्या पोशाखातली एक हसतमुख बाई आली. तिच्या हातात फाईल होती. "या, या, एयांग कुस्तिना! प्रवास कसा झाला? आणि तुम्ही बु वुर्यानी ना? इतकी बारकाईने लिहिलेली माहिती आमच्याकडे पहिल्यांदाच आली. नाहीतर नव्या माणसाला समजून घ्यायला आम्हाला दोन महिने लागतात. चला, खोली बघू."

"खोली?" वुर्यानी म्हणाली. "आम्ही चहाला आलोय."

"चहा खोलीतच येईल."

खोलीत पलंग होता. पलंगावर पुर्वोरेजोच्या घरातली उशी होती, किरमिजी अभ्र्याची. कोपऱ्यात म्हातारीची लोखंडी ट्रंक. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, इतका ताजा लावलेला की खिळ्याखाली चुन्याची भुकटी पडलेली दिसत होती. सकाळी सातपर्यंत हे सगळं तिच्या घरात होतं. दिवसभर म्हातारीला बाहेर हिंडवलं ते कशासाठी, हे वुर्यानीला आत्ता कळलं. ती दाराला टेकली.

"पलंग मुद्दाम बेचाळीसचा करून घेतलाय," ती बाई उत्साहाने सांगत होती. "दांडा उजवीकडे, कारण डावा गुडघा दुखतो. आणि रात्री दोन-तीनला एयांग नवऱ्याला हाक मारतात असं लिहिलंय, म्हणून इथे दिवा चालू ठेवू. दार लावलंय असं आमची मुलगी येऊन सांगत जाईल. अजिबात काळजी नको."

एयांग कुस्तिनाने फोटोकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून तिने वुर्यानीकडे पाहिलं. ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त पलंगावर बसली. तिचे पाय जमिनीला अगदी बरोबर टेकले.

"छान बेत केलात," ती म्हणाली.

"एयांग, मला माहीत नव्हतं! देवाशपथ माहीत नव्हतं!"

वुर्यानी धावत बाहेर बागेत गेली आणि प्रासोजोला फोन लावला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"पोचलात, बु? आईने फार त्रास दिला का?"

"तुम्ही येणार होतात! तुम्ही चहाला येणार होतात!"

"मला बघवलं नसतं हो," तो म्हणाला, त्याच मृदू आवाजात. "मी नेलं असतं तर ती गाडीतच बसली नसती. तुमच्यावर तिचा विश्वास बसला. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं. वाईट वाटून घेऊ नका. आमचं घर लहान, पोरांची लग्नं व्हायची, बायको आणि आई एका छताखाली राहीनात. ती जागा चांगली आहे. तुम्हीच सांगा, एक तरी पायरी दिसली का?"

वुर्यानीने वळून त्या उताराकडे पाहिलं.

"आणि दिवस तरी किती छान गेला तिचा. कारखान्यातल्या बाईंनी मला फोटो पाठवला, हसतेय त्यात. तुमचे उपकार आहेत. अजून एक, बु. आमच्या कचेरीतल्या एकाचे वडील आहेत, मागेलांगला. तेही ऐकत नाहीत. मी तुमचा नंबर दिलाय."

तिने फोन बंद केला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केससुद्धा तिचेच होते, अकरा वर्षं तेल लावून वाढवलेले. गितो गाडीपाशी उभा होता. तिचं तोंड बघूनच तो समजला.

"सकाळी तो आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसला ना," तो हळू म्हणाला, "तेव्हाच मला खटकलं होतं, बु. पण मोठ्या माणसाचं घरचं. कसं विचारणार?"

"मीही नाही विचारलं," वुर्यानी म्हणाली. "गाडी दाराशी लाव. आपण तिला घेऊन जातोय."

ती परत खोलीत गेली तेव्हा एयांग मिठाईचे सातही खोके पलंगावर ओळीने मांडून बसली होती. निळ्या पोशाखातली बाई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं होतं.

वुर्यानी म्हातारीपुढे गुडघ्यांवर बसली. "उठा, एयांग. गाडी बाहेर आहे. तुमच्या घरी नको तर माझ्या घरी चला. माझ्यापासूनही लपवलं त्याने. मला फसवलं."

"सही मुलाची आहे," ती बाई चाचरत म्हणाली. "त्यांच्या परवानगीशिवाय मी नाही सोडू शकत..."

"थांबा तुम्ही!" वुर्यानी तिच्यावर खेकसली. "एयांग, ऐका ना माझं. मला खरंच माहीत नव्हतं."

"दाराची गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती," एयांग कुस्तिना म्हणाली. आवाज शांत होता. "मुलाला नाही, सुनेला नाही. तुम्हाला सांगितली, आणि लिहू नका म्हणाले. आता इथली एक परकी पोर रोज रात्री येऊन मला सांगणार, दार लावलंय. हे तरी तुम्हाला माहीत होतं ना?"

प्रासोजोने तिला फसवलं हे खरं होतं. पण त्या रकान्यातलं अक्षर तिचं होतं आणि तो तिने कोणाच्याही सांगण्यावरून भरला नव्हता. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. रडू आवरून ती म्हणाली, "माझ्याबरोबर चला तरी. इथे नका राहू."

"आणखी कुठे नेणार मला? आज मी पुष्कळ फिरले." म्हातारीने खोके उचलून वुर्यानीपुढे ठेवले. "हे माझ्या आळीत पोचवा. त्यांना सांगा, कुस्तिनाला जागा मिळाली." मग ती दारातल्या बाईकडे वळली. "माझा मुलगा भेटायला आला तर त्याला आत सोडा. कधीही येवो, मी झोपले असले तरी उठवा. या बाई आल्या, तर सांगा की मला बरं नाही."

"त्याला भेटाल?" वुर्यानीचा आवाज चिरकला. "ज्याने हे केलं त्याला माफ कराल, आणि मला नाही?"

एयांग कुस्तिनाने पाय वर घेतले, उजव्या दांड्याला धरून पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे वळली.

"तो पोटचा आहे, बाई," ती म्हणाली. "त्याला माफ केल्यावाचून मला गत्यंतर नाही. तुमच्या बाबतीत माझ्यावर तशी काही सक्ती नाही."